चष्म्याच्या घरांतली माणसं

भिंग्या,

सोमवारी त्या प्रकाशकाच्या मुलीचा मला फोन आला. तुझं पुस्तक तिला पुन्हा छापायचं आहे, आणि पुस्तकाच्या आधी लेखकाच्या बहिणीनं लिहिलेला दोन पानांचा परिचय हवा आहे. "काहीतरी गोड लिहा ना मॅडम, लहानपणीच्या खेळण्यांतून ही पात्रं कशी तयार झाली वगैरे." गोड या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, हे तिला माहीत असायचं कारण नाही. मी बघते म्हटलं. मग म्हणाली, "पण तुमचे भाऊ नाही म्हणतायत. म्हणाले, तुझ्या वडिलांना मी पत्र पाठवलं होतं, ते वाचूनही त्यांनी शेवटचं प्रकरण छापलं, त्या घरात पुन्हा पुस्तक देणार नाही. मी बाबांच्या सगळ्या फायली काढून बघितल्या. असं पत्रच नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मला माहीत आहे. एकतीस वर्षं माहीत आहे. आयुष्यात तू दोनदाच नाही म्हणालास, आणि हे दुसरं 'नाही' ज्या गोष्टीवर उभं आहे ती गोष्ट खोटी आहे. ती सांगायची तर पहिल्यापासून सांगावी लागेल, आणि तुला ठाऊक असलेलं बरंच तुला पुन्हा ऐकून घ्यावं लागेल. घे. त्या मुलीला परिचय हवा होता ना, मग हाच परिचय. छापायचा की चुलीत घालायचा ते तुम्ही दोघं ठरवा.

आपल्या बाबांचं चष्म्याचं दुकान म्हणजे पुढे आरसे आणि मागे राड. पुढच्या खोलीत काउंटर, काचेचं कपाट, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. पडद्यामागे काच घासायचं चाक. चाकावर पाण्याची बारीक धार सोडलेली असायची, घासलेल्या काचेचा पांढरा गाळ खालच्या परातीत साठायचा, आणि वाळला की बाबांच्या भुवयांवर, भिंतींवर, आपल्या दप्तरांवर खडूच्या भुकटीसारखा बसायचा. आणि चाकाच्या टेबलाखाली तो लांबलचक खण. गिऱ्हाइकानं नवा चष्मा घेतला की ते जुनं घर तिथेच सोडून जायचं. घरातलं कुणी म्हातारं वारलं की त्याचा चष्मा आणून देणारेही होते. "कुणाच्या उपयोगी पडेल" म्हणायचे. म्हणजे घरात ठेवायला नको. बाबा काचा आणि स्क्रू काढून घ्यायचे आणि चष्म्याचं रिकामं घर त्या खणात भिरकावायचे.

पुढे मी सदतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. गटाराचं पाणी, टाकीत उंदीर मरून पडलेलं पाणी, इस्पितळामागचं पाणी, सगळ्यांची बाटली उघडून आधी नाक लावायचं, मग नोंद. तेव्हा घाण म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. त्या खणासारखा वास मला पुन्हा कुठे मिळाला नाही. डोक्याचं तेल, घाम, तपकीर, कुजलेली मखमल, आणि म्हातारी माणसं चष्म्याच्या घरात जे जे लपवून ठेवतात ते सगळं. अर्धवट चोखलेली गोळी. कापसाचा बोळा. कान कोरायची काडी, वापरलेली. एकदा तर एक दाढ निघाली. सोन्याची वगैरे नव्हे. साधी, किडकी.

ही आपली खेळणी होती. गरिबीमुळे नव्हे हो, परिचयात तसं घुसडू नका कुणी. मामानं तुला किल्लीचं माकड आणलं होतं, झांजा वाजवणारं, डोळे फिरवणारं. तू ते एकदा वाजवलंस आणि कपाटावर ठेवून दिलंस. आईनं विचारलं, "का रे, आवडलं नाही?" तू म्हणालास, "हा आधीच कुणीतरी आहे." पाच वर्षांचा होतास. मी बारा. मला हसू आलं होतं. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं हे कळायला मला फार वर्षं लागली.

खणातली घरं आधी कुणी नसायची. घर हातात धरायचं, अंगठा खाली, चार बोटं वर, की त्याचं तोंड होतं. मग ते काय बोलतं हे त्याच्या बिजागरीवर. हा तुझाच शोध. तू त्यांच्या तोंडी मनाला येईल ते घालायचा नाहीस. आधी चारदा उघडमिट करून बघायचास, कान देऊन. आई पडद्याआडून ओरडायची, "मेलेल्यांच्या वस्तू तोंडाशी नेऊ नका रे. हात धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकलंत तर बघा." आपण हात धुवायचो आणि परत खणात घालायचो.

काळं, जाड, पोलादी स्प्रिंगचं घर म्हणजे साहेब. टप्प करून मिटायचं आणि बोट सापडलं तर नख काळंनिळं व्हायचं. साहेबांचं वाक्य कधी अर्धं राहायचं नाही. "बसा. नको. उठा. या." मोडक्या बिजागरीचं तपकिरी घर म्हणजे फटकळ मावशी. तिचं तोंड मिटतच नव्हतं, आणि आतली मखमल सुटून जिभेसारखी बाहेर लोंबायची. त्या जिभेवर कुणाच्या तरी तेलाचा गोल डाग होता. मावशी बोलायला लागली की तू तो डाग माझ्या नाकासमोर धरायचास, म्हणजे मावशीच्या तोंडाला वास येतो हे सांगायची गरजच उरायची नाही. दोन वेगवेगळ्या घरांच्या उरलेल्या झाकणांची तू जोडी लावली होतीस. त्यांचं भांडण एकच, आपल्यातलं झाकण कोण आणि बूड कोण.

आणि मुकी. शाळेतून आल्यावर तुला सांभाळायचं काम माझं. मी पडद्यामागे स्टुलावर बसून अभ्यास करायची आणि तू मला खेळात ओढायचास.

"ताई, तू कोण होणार?"

"मी कुणी नाही. मला उद्या परीक्षा आहे."

"कुणीतरी हो ना."

मी वहीचं पान उलटलं. तू खणात डोकं घालून बराच वेळ उचकापाचक केलीस आणि एक पत्र्याचं घर आणून माझ्या वहीवर ठेवलंस. कडेनं गंजून पक्कं बसलेलं. हलवलं की आत काहीतरी लहानसं सरकायचं. नखानं, चमच्यानं, बाबांच्या पेचकसानं, कशानंही उघडलं नाही. "मग ही तू," म्हणालास. "ही पण तोंड उघडत नाही." त्या दिवसापासून खेळात मुकी आली. साहेब तिला हुकूम सोडायचे, मावशी तिला टोचून बोलायची, झाकणं तिच्याकडे न्याय मागायची. ती गप्प. आणि गंमत अशी की सगळा खेळ तिच्याकडे तोंड करून चालायचा. ती उत्तर देणार नाही हे माहीत असल्यामुळे बाकीचे खरं बोलायचे. मी आपली भूमितीची प्रमेयं पाठ करत बसलेली.

तू नऊ वर्षांचा झालास तेव्हा नंबरांचं खूळ निघालं. बाबा गिऱ्हाइकाचे डोळे तपासून नंबर काच ठेवायच्या कागदी पाकिटावर लिहायचे. उजवा, डावा, लांबचा, जवळचा. तू फुकट गेलेली पाकिटं उचललीस आणि खणातल्या प्रत्येकाच्या नावानं एक पाकीट केलंस. साहेबांचं असं: लांबचं स्पष्ट. हाताच्या अंतरावरचं काही दिसत नाही, म्हणून बोट चावलं ते कळत नाही. मावशीचं उलटं: जवळची कुसळं मोठी दिसतात, दार दिसत नाही. पाकिटाच्या तळाशी बाबा जिथे फ्रेमचा रंग लिहायचे तिथे तू त्या माणसाला काय दिसत नाही ते लिहायचास. गोष्ट तिथूनच सुरू व्हायची. ज्याला जे दिसत नाही त्यावरच तो आपटणार. मुकीच्या पाकिटावर नंबराच्या जागी तू आडवी रेघ मारली होतीस. मी विचारलं, का रे? म्हणालास, "तिचे डोळे तपासता येत नाहीत. ती कुठलं अक्षर दिसतं ते सांगत नाही."

मी पदवी घेतली, नोकरी धरली, लग्न केलं. तू कॉलेजचं एक वर्ष कसंबसं रेटलंस आणि चाकावर बसलास. हात चांगला होता. बाबांपेक्षा चांगला. पण बोलण्यात तुझा सगळा कारभार एका शब्दावर चालायचा: बरं. गिऱ्हाईक म्हणालं आजच द्या, बरं. बाबा म्हणाले हीच मुलगी कर, बरं. मुलगी चांगली निघाली हे तुझं नशीब. लग्नाला वर्ष होत नाही तोच ती मला म्हणाली, "ताई, यांना एक नाही तेवढं म्हणायला शिकवा. फळवालासुद्धा यांचा चेहरा बघून सडकी काढून ठेवतो."

मग ती चूक झाली. तुझ्या हातून, आणि जगात दुसऱ्या कुणाच्याच हातून होऊ शकली नसती अशी. तुझी पाकिटं आणि दुकानाची पाकिटं एकाच टेबलावर. एक दिवस तू साहेबांच्या पाकिटावरच्या नंबराची काच घासलीस आणि तो चष्मा एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना दिलास. बाई आठ दिवसांनी आल्या. बाबा पुढे होते. बाई म्हणाल्या, "मैदानाच्या टोकाला कोण उभं आहे ते दिसतं. समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. नातीनं वही पुढे धरली, मी तिला म्हटलं, लांब जाऊन उभी राहा. ती रडली." बाबांनी पाकीट उचलून बघितलं. वर नाव, साहेब. त्यांची कानशिलं तापली. तू पडद्यातून बाहेर आलास, ओल्या हातांनी, आणि माफी मागायची सोडून बाईंना स्टूल दिलंस.

"अजून काय काय दिसत नव्हतं? नीट आठवून सांगा."

बाबा म्हणाले, "अरे, लाज आहे का?"

पण बाई बसल्या. त्यांना बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी इतक्या आस्थेनं काही विचारलं नव्हतं. तासभर सांगत होत्या. स्वतःच्या ताटातला घास दिसत नव्हता, पण शेजारच्या गच्चीवरचा वाळत घातलेला सदरा उलटा आहे हे दिसत होतं. जाताना म्हणाल्या, "खरं सांगू का, मी चाळीस वर्षं शाळा अशीच चालवली." बाबांनी चष्मा फुकट बदलून दिला आणि तुझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. तू त्या महिन्यात साहेबांची पहिली पुरी गोष्ट लिहिलीस. पाकिटांच्या पाठीवर, एकोणीस पाकिटं.

चौदा वर्षांत पाकिटांनी बुटांचे तीन खोके भरले. दुकानात आई-बापांचे डोळे तपासून होईपर्यंत कंटाळलेली पोरं पडद्यामागे यायची आणि तू त्यांना खणातली माणसं दाखवायचास. पोरं ई म्हणायची, हुंगायची, पुन्हा ई म्हणायची आणि पुढची गोष्ट मागायची. ती पाकिटं मी टाइप केली. माझ्या प्रयोगशाळेपासून चार दारं सोडून त्या प्रकाशकाचं ऑफिस होतं, कागदाच्या गोदामावर. बाड मीच नेऊन दिलं. तेव्हा या सगळ्यात मी पहिल्यापासून आहे.

त्यानं तुला बोलावलं, तेव्हा मी बरोबर होते. तू पिशवीतून सगळी मंडळी आणली होतीस. प्रकाशक सभ्य माणूस. आवाज मऊ, टेबल लख्ख, पेन्सिली एका उंचीच्या. त्यानं मावशीला दोन बोटांत उचललं.

"हे कशानं माखलंय?"

तू म्हणालास, "माणसांनी."

त्यानं मावशीला खाली ठेवलं, खिशातून सुगंधी रुमाल काढून एकेक बोट पुसलं आणि रुमाल टोपलीत टाकला. मी ते बघत होते. तू पण बघत होतास. मग तो म्हणाला, "कल्पना सुंदर आहे. पण मुलांना घाण आवडत नाही."

मी म्हटलं, "मुलांना घाणच आवडते. आयांना आवडत नाही."

"पुस्तक आया विकत घेतात, मॅडम."

यावर तुझं उत्तर तयार होतं: "बरं."

पुढचे चार महिने तो बरं मी रोज ऐकला. साहेबांनी चावू नये, गुदगुल्या कराव्यात. बरं. मावशीची जीभ नको, रेशमी फीत करू. बरं. झाकणं भांडतात, ती शेवटी एकमेकांची माफी मागतील का? बरं. दाढ गेली. तपकीर गेली. तेलाचा डाग गेला. चित्रकारानं नमुने पाठवले तेव्हा सगळ्यांना लांब पापण्या होत्या आणि गुलाबी गाल. चष्म्याच्या घराला गाल. मी ती चित्रं माझ्या टेबलावर पसरली, शेजारी त्या दिवशीच्या बाटल्या होत्या, आणि देवाशपथ सांगते, मला त्या बाटल्या जास्त स्वच्छ वाटल्या. पाणी कुजलेलं असतं तेव्हा ते निदान तसं दिसतं. ही साबणात बुचकळून काढलेली मंडळी बघून मला शिसारी आली. ती अंगावर येऊन बोलणारी, बोट चेचणारी, तोंडाचा वास मारणारी माणसं, आणि त्यांच्या जागी ही ओठ मुडपून हसणारी बाहुलं. आणि त्या प्रत्येक गालाला तुझी संमती.

मी तुला दुकानात येऊन झापलं. तू चाकावर होतास.

"अरे, तुझं त्यात काही उरलंय का?"

"मुकी आहे ना," तू म्हणालास. "तिला अजून हात नाही लावला त्यांनी."

तेव्हा कळलं की तू काय धरून बसला होतास. बाकीचे सगळे दिलेस ते तिच्या बदल्यात. तिनं गप्प बसायचं, एवढंच तुझं पुस्तक उरलं होतं.

मग तेही मागितलं. प्रकाशक म्हणाला, पुस्तकाला शेवट हवा. शेवटी मुकी उघडते आणि बोलते. तू विचारलंस, "काय बोलते?" तो म्हणाला, "काहीही चालेल. मला तुम्ही सगळे आवडता, असं काहीतरी. आतून फुलपाखरं निघाली तर चित्र छान होईल." तू बरं म्हणालास आणि घरी येऊन ते प्रकरण लिहिलंस. कोऱ्या पांढऱ्या कागदावर लिहिलंस, पाकिटावर नव्हे. मला वाचायला दिलंस. मी चौथ्या ओळीला थांबले.

त्या आठवड्यात तू पाच काचा फोडल्यास. तुझ्या बायकोनं मला फोन केला, जेवत नाहीत, चाकाजवळ नुसते बसतात. मी आले. मुकी पाकिटांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती, ती वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. तू म्हणालास, "ताई, ती बोलली तर बाकीचे इतकी वर्षं कुणाशी बोलत होते?"

"मग सांग त्याला. नाही म्हण."

"सांगतो. पत्र लिहितो."

"पत्र कशाला? जिना चढ आणि तोंडानं सांग."

"समोर गेलो तर मी बरं म्हणेन. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. शुक्रवारी चार वाजता पुस्तक छपाईला जाणार होतं. गुरुवारी संध्याकाळी तू पत्र माझ्या हातात दिलंस. तुझं पहिलं 'नाही'. काचेच्या पाकिटात घातलेलं, तोंड न चिकटवता. म्हणालास, "तू रोज तिथूनच जातेस. त्यांच्या हातात दे. दुसऱ्या कुणाला नको."

पुस्तक महिन्यानं आलं. शेवटच्या पानावर मुकी उघडली होती, तिच्यातून सात फुलपाखरं उडत होती, आणि तिच्या तोंडी ते वाक्य होतं. तू पान मिटलंस आणि म्हणालास, "वाचून पण छापलं." मी त्या माणसाला काय काय म्हटलं ते तुला आठवत असेल. बनेल, गोडबोल्या, कागदाचा दलाल. तुझ्या बायकोला हसू आवरेना इतकं बोलले. तू म्हणालास, "जाऊ दे, ताई." पुस्तक खपलं. लग्नामुंजीत नव्हे, पण शाळांतल्या बक्षिसांत वाटलं गेलं, नातलगांनी फोन केले. माझ्या स्वतःच्या नातीनं वाचून विचारलं, "म्हणजे ती शेवटी शहाणी झाली?" मी पुस्तक तिच्या हातातून घेऊन कपाटावर ठेवून दिलं.

त्यानंतर तू एकही गोष्ट लिहिली नाहीस. पोरं पडद्यामागे यायची, तू त्यांना चाक दाखवायचास, पाण्याची धार दाखवायचास. खणातलं सामान भंगारात दिलंस. पाकिटांवर नंबर उरले, ते गिऱ्हाइकांचे. प्रकाशकानं दुसऱ्या भागासाठी तीनदा निरोप पाठवला, तू गेला नाहीस. रस्त्यात भेटला तर पलीकडच्या बाजूला जायचास. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की यानं आपल्याला का टाकलं. बिचारा म्हणतेय बघ मी. एकतीस वर्षांत त्याच्यासाठी मी हा शब्द पहिल्यांदा वापरला.

आता त्या शुक्रवारचं सांगते.

सकाळी कामावर जाताना मी त्या जिन्यापाशी थांबले होते. पाकिटाला तोंड नव्हतं, मी पत्र काढून वाचलं. मला लाज वाटली नाही, मी तुझी सगळीच पाकिटं वाचत आले होते. पत्राचा वरचा भाग चांगला होता. मुकीनं बोलू नये. शेवटचं प्रकरण काढावं, ते न जमल्यास पुस्तक छापू नये. मी मनात म्हटलं, शाब्बास. आणि खाली, सहीच्या वर, तू लिहिलं होतंस: "अर्थात आपली गैरसोय होत असेल तर आपल्याला योग्य वाटेल तसं करावं."

मला तुझी किळस आली, भिंग्या. त्या माणसाची कधी आली नव्हती इतकी. वर जाऊन हे वाक्य त्या लख्ख टेबलावर ठेवायचं, त्यानं ते सुगंधी रुमालानं पुसलेल्या बोटांनी वाचायचं, आणि माझ्यासमोर हसून म्हणायचं की बघा, तुमचे भाऊ किती समजूतदार आहेत. माझ्याच्यानं तो जिना चढवेना. मी ठरवलं, दुपारी दुकानात जाऊन हे तुझ्या तोंडावर फेकायचं, शेवटचं वाक्य खोडून घ्यायचं आणि मग चारच्या आत द्यायचं. ठरवलं आणि पाकीट नमुन्यांच्या रजिस्टरमध्ये ठेवलं.

दुपारी मला वेळ होता. इस्पितळाच्या बाटल्या आल्या होत्या, कारकून रजेवर होता, असं मी पुढे स्वतःला बरंच सांगितलं, पण वेळ होता. मी डबा खाल्ला. भांडी विसळली. बसल्या बसल्या तुझं ते वाक्य आठवून पुन्हा पुन्हा चिडले, आणि वाटलं, यानं स्वतः का जाऊ नये? एकदा तरी जाऊ दे. नाही गेला तर भोगू दे. तीन वाजले, साडेतीन वाजले. चार वाजता मी हात धुतले, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि दिवसाच्या नोंदी पुऱ्या केल्या. वाक्य खोडून सुद्धा मी ते देऊ शकले असते. शाईची एक रेघ मारायची होती, आणि रेघा मारायला मला कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. तेही मला त्या दिवशी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं.

ते पाकीट पुढे आमची प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा रजिस्टरांबरोबर रद्दीत गेलं असणार. शोधायला मी गेले नाही.

संध्याकाळी तू दुकानाच्या पायरीवर येऊन थांबला होतास, हातावर पांढरा गाळ तसाच.

"दिलंस?"

"दिलं."

"काही म्हणाले?"

"नाही," मी म्हटलं.